सरुबाईंनी ‘मान्य’ दाबलं नाही

येरमाळ्याच्या बसथांब्यासमोरच्या ‘साद ऑनलाईन सेवा व झेरॉक्स’ या दुकानात त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला मालक सोडून बाकी सगळे कामात होते. मालक साद प्लॅस्टिकच्या स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याच्या फिरत्या खुर्चीत सत्तरीच्या सरुबाई विराजमान झाल्या होत्या. पाय टेकत नव्हते म्हणून खाली कोऱ्या कागदांचा खोका सरकवला होता. शेजारी सादची आई हमिदाबी, मांडीवर ब्लाऊजच्या मापांची वही उघडून, पेन्सिल कानाला लावून तयार होत्या.

“हात बाहेर आला बघ,” हमिदाबी म्हणाल्या. “आत घे.”

“अम्मी, माशी हाकलत होतो.”

“माशीचं मी बघते. तू शिवायचं न्हाय असं ठरलंय न्हवं?”

ठरलं होतं खरं. सरुबाईंची नात दीक्षा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि प्रोजेक्ट म्हणून तिनं कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला होता. खेळ कुठला, तर चल्लस-आठ. ओट्यावर कोळशानं पंचवीस घरं आखून, फोडलेले चिंचोके टाकून सरुबाई आणि हमिदाबी चाळीस वर्षं जो खेळत आल्या, तोच. कॉलेजची अट अशी होती की, आयुष्यात कॉम्प्युटरवर कधीही न खेळलेल्या बारा माणसांनी तो आपल्या हातानं बसवायचा, एक डाव खेळायचा आणि अनुभव कळवायचा. जाणकारानं माउसला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं नाही, सुचवायचं नाही. अकरा माणसं झाली होती. बारावी आजी. आणि आज संध्याकाळी पाचला प्रोजेक्ट पाठवायची मुदत संपत होती.

“आज्जी, अडलं तर मी पाठवलेला मदतीचा कागद बघ,” दीक्षानं फोनवर बजावलं होतं. “मला विचारलं तरी मी एवढंच सांगणार, कागद बघ. बारावं माणूस नसलं तर प्रोजेक्ट घेतच नाहीत गं. वर्ष जाईल माझं.”

“वर्ष जाऊ देते व्हय मी?” सरुबाई म्हणाल्या होत्या.

सादनं आपला चालता धंदा थांबवून खुर्ची दिली, त्याला कारण होतं. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या सरुबाईंनीच त्याला पाटीवर पहिला ‘अ’ गिरवायला लावला होता. शिवाय सरकारी संकेतस्थळ रुसलं की तो दीक्षालाच फोन करायचा. दुकानात कॉम्प्युटर दोन. एक चालू, दुसरा टॉवेल पांघरून वर्षभर आजारी.

मदतीचा कागद दोन पानी होता. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी पाटीचं चित्र आणि शेजारी मराठीत अर्थ. सरुबाईंनी तो आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. मग म्हणाल्या, “पयलं कलम. ‘चालू असलेले इतर सर्व प्रोग्राम बंद करा.’ हे काय काय उघडं हाय, साद?”

“मावशी, मला बोलायला बंदी हाय.”

“बरोबर. बोलू नको.” आणि सरुबाईंनी चित्रात दाखवलेली फुली शोधून एकेक खिडकी बंद करायला सुरुवात केली. एक. दोन. तिसऱ्या खिडकीशी पडद्यानं काहीतरी विचारलं, सरुबाईंनी चित्राशी ताडून उत्तर दिलं, आणि स्टुलावरून साद अर्धा उठून परत बसला.

दारात पायरीवर बसलेला महारुद्र त्याच्याकडे बघत होता. “काय झालं रं?”

“तुझा हरभऱ्याचा विमा,” साद खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. “अर्धा भरलेला होता.”

“होता म्हंजे?”

“सातबारा चढवला होता, आधार चढवलं होतं. आता पयल्यापासून.”

“अगं आई!” महारुद्र उभा राहिला. “मावशे, तुमच्या खेळापायी माझा हरभरा गेला की!”

“हरभरा शेतात हाय, कुठं जातुय?” सरुबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. “आन तुझा विमा मी भरून दिल्याबिगर घरी जायची न्हाय. बस खाली. हमिदा, लिही. पयलं कलम झालं, अकरा वाजले.”

हमिदाबींनी लिहिलं. त्यांची पद्धत मापं घेतानाची: आकडे डावीकडे, खुणा उजवीकडे. छाती छत्तीस, बाही अकरा, तसंच आता ‘पाटी पिवळी, बटण उजवं’. ज्या बाईनं चाळीस वर्षांत एक ब्लाऊज उसवायला परत येऊ दिला नाही, तिच्या वहीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

दुसरी पाटी आली ती जागेची. कागद म्हणत होता, ‘जागा पुरेशी नाही. न लागणाऱ्या मोठ्या फाइल काढून टाका.’

“न लागणारं कसं वळखायचं?” सरुबाईंनी विचारलं.

“उघडून बघावं लागंल,” हमिदाबी म्हणाल्या, आणि दोघींनी उघडून बघायला सुरुवात केली.

सादच्या कॉम्प्युटरात अख्खं येरमाळं होतं. दहा वर्षांत ज्यानं ज्यानं दाखल्यासाठी फोटो काढला, त्याचा चेहरा होता. कुणाचं लग्न झालं होतं, कुणी पुण्याला गेलं होतं, दोघं-तिघं आता नव्हते. सरुबाई एकेक चेहरा बघून थांबत होत्या. “ही गजराची थोरली. अंगणवाडीत डबा सांडून रडायची.” पुढचा. “हा बघ, हा कान धरल्याबिगर बसत नव्हता, आता म्हणे फौजदार हाय.” असं करत करत एका फोटोशी आल्यावर हमिदाबींनी पेन्सिल वहीत ठेवली. पांढरी टोपी, वाढलेली दाढी, कॅमेऱ्याकडे बघून जरा घाबरल्यासारखं हसणारे पाशामियाँ. हमिदाबींचे मालक, सादचे अब्बा. जाऊन सहा वर्षं झाली होती.

“हे ठेव,” हमिदाबी म्हणाल्या.

“ठेवला की गं,” सरुबाई म्हणाल्या. “हा मोठा माणूस. पण ह्यानं जागा लई थोडी घेतलीया.”

जागा घेतली होती ती सादच्या लग्नाच्या शूटिंगनं. पाच भाग. सरुबाईंनी प्रत्येक भाग उघडून बघितला, कारण बघितल्याशिवाय काढायचं कसं? तिसऱ्या भागात सादचे मामेसासरे जेवत होते. सरुबाईंनी पुढं सरकवलं. मामेसासरे जेवतच होते. आणखी पुढं सरकवलं.

“अजून जेवायलेत,” हमिदाबींनी नोंद घेतली.

“काढू का?”

साद स्टुलावर तळमळला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली त्याची बायको सबिहा पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाली, “काढा खुशाल. त्या भागात मी एकदाबी दिसत न्हाई.” मामेसासरे गेले आणि जागा झाली.

साडेबाराला तिसरी पाटी आली, मोठी आणि निळी. सरुबाईंनी कागदाशी ताडली आणि त्यांचा चेहरा बदलला. “हमिदा, हे काय लिहिलंय बघ. ‘कॉम्प्युटर म्हणतो, हा प्रोग्राम बनवणारी व्यक्ती अनोळखी आहे. चालवू नका.’”

“अनोळखी?”

“दीक्षा अनोळखी! माझ्या मांडीवर वाढलेलं लेकरू!” सरुबाई पडद्याकडे बोट रोखून म्हणाल्या. “तू परवा दुकानात आलास, आन तिला अनोळखी म्हणतुस?”

“मावशी, त्याला ऐकू येत न्हाय,” साद राहवेना म्हणून बोलला.

“तू बोललास!” दोघी एकदम म्हणाल्या, आणि साद परत हातांवर बसला.

कागदात उपाय होता. ‘अधिक माहिती’ असं बारीक अक्षरात असेल तिथं दाबा, मग ‘तरीही चालवा’ असं येईल. सरुबाईंनी ‘तरीही चालवा’ असं ठासून दाबलं की माउसचं टेबल हाललं.

आणि मग ती पाटी आली. खरं तर ही सगळ्यांत सोपी पाटी होती. आधीच्या अकरा जणांनी तिच्यावर दोन-तीन सेकंद घालवले होते. वर बारीक इंग्रजी मजकूर, खाली एक छोटा चौकोन. मदतीच्या कागदात एकच ओळ होती: ‘मी वरील सर्व मजकूर वाचला असून तो मला मान्य आहे, असा याचा अर्थ. चौकोनात खूण करा व पुढे जा.’

सरुबाईंचा हात माउसवरून उठला.

हमिदाबींनी तो हात उठताना पाहिला आणि मनात म्हणाल्या, झालं. आता हिला कुणी हलवू शकत नाही.

सरुबाईंचे वडील व्यंकट यांनी तरुणपणी एका कागदावर अंगठा दिला होता. रेशनचा कागद आहे, असं वाटेकरी म्हणाला. निघाला विहिरीतला अर्धा हिस्सा सोडल्याचा. त्या दिवसापासून व्यंकटनी त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं आणि पोरीचं नाव शाळेत घातलं. तिला ते रोज एकच सांगायचे: “सरे, वाचल्याबिगर सही न्हाय.” तेव्हापासून सरुबाई सगळं वाचत. गॅसच्या पुस्तकाची मागची बाजू, एसटीच्या तिकिटावरची बारीक अक्षरं, खोकल्याच्या बाटलीतली घडी. मुलाच्या, धम्मपालच्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळी त्यांनी अर्ज वाचता वाचता कचेरी बंद व्हायची वेळ आणली होती. लोक हसत. हमिदाबीही हसत. पण शिलाई मशीन घेताना त्यांनी सरूलाच बरोबर नेलं होतं, आणि दोन वर्षांची म्हणून सांगितलेली हमी कागदावर सहाच महिन्यांची आहे हे सरूनंच दुकानदाराला दाखवलं होतं.

“मी वाचलंय असं लिहून द्यायचंय,” सरुबाई म्हणाल्या. “आन मी वाचलं न्हाय.”

“मावशी, कुणीच वाचत न्हाय ते!” साद उठून उभाच राहिला. “आख्ख्या जगात कुणी वाचत न्हाय!”

“मग आख्खं जग खोटं लिहून देतंय. मी देणार न्हाय.”

फोन लावला. दीक्षाला हसावं की रडावं कळेना. “आज्जी, नुसती खूण कर गं. चौदा पानं आहेत ती, इंग्रजीत. सगळ्या खेळांना असतं तसं. पाचला मुदत आहे.”

“तुझ्याच कागदावर खोटी सही करू? आन तुझे सर इचारले तर?”

“सर कशाला विचारतील!”

“मी इचारते की. साद, चौदा पानं छापून दे. ते तुझं दुकानदाराचं काम हाय, त्याला बंदी न्हाय.”

साद छापून देऊन नमाजला गेला. जाताना मशिदीच्या वाटेवर त्यानं तीनदा मागं वळून बघितलं.

इंग्रजी वाचायचं कुणी, हा प्रश्न दुकानाच्या बाकावरच सुटला. रेवणसिद्ध गुरुजी अकरापासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बसले होते. खडूनं झिजलेला अंगठा यंत्राला सापडत नव्हता, आणि आता यंत्रच रिकामं नव्हतं. गुरुजींनी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांना कुणी इंग्रजीचं एक वाक्य विचारलं नव्हतं. चौदा पानं हातात आल्यावर ते इतके सरळ बसले, की हमिदाबींना वाटलं आता हजेरी घेतात.

दुकानात उकडत होतं म्हणून सगळे बाहेर कडुलिंबाखाली आले. गुरुजी एकेक वाक्य इंग्रजीत मोठ्यानं वाचत आणि मग मराठीत सांगत. महारुद्र विम्यासाठी अडकलेलाच होता, तो मांडी घालून बसला. कळंबच्या एसटीची वाट बघणारे चौघे जण जवळ सरकले. चहावाला किटली घेऊन उभा राहिला तो उभाच.

“पान तीन,” गुरुजी म्हणाले. “सदर खेळ अणुभट्टीत, तसेच विमान चालवताना वापरण्यात येऊ नये.”

“शेतात चालतंय का?” महारुद्रानं विचारलं.

“शेताचा उल्लेख नाही.”

“अणुभट्टीचं बरोबर हाय,” सरुबाई विचार करून म्हणाल्या. “तिथं ध्यान पायजे. मान्य. हमिदा, लिही.”

“पान सात. खेळामुळे काही नुकसान झाल्यास बनवणारा जबाबदार राहणार नाही.”

“का न्हाय? हमिदानं ब्लाऊज बिघडवला तर कोण जबाबदार?”

“मी,” हमिदाबी म्हणाल्या.

“मग हिनं का न्हाय? अमान्य. लिही, पान सात, अमान्य.”

चार जणांनी माना डोलावल्या. एसटी आली आणि गेली. चौघांपैकी दोघेच चढले.

साद नमाजहून परतला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि त्याच्या दुकानासमोर वीसेक माणसं शांत बसून करारनामा ऐकत होती. कीर्तनाला अशी शांतता त्यानं कधी पाहिली नव्हती. गुरुजींचा आवाज चढला होता.

“पान अकरा. या खेळाची संकल्पना, रचना आणि निर्मिती संपूर्णपणे उत्कर्ष राजपाल ओव्हाळ यांची असून, खेळावरील सर्व हक्क…” गुरुजी थांबले. चष्मा वर करून परत वाचलं. “सर्व हक्क त्यांच्या एकट्याच्या मालकीचे आहेत.”

चहावाल्यानं किटली खाली ठेवली.

“परत वाचा,” सरुबाई म्हणाल्या.

गुरुजींनी परत वाचलं. नाव तेच होतं.

हमिदाबींना सरूच्या चेहऱ्यावर व्यंकटकाकांची विहीर दिसली. चाळीस वर्षांत दोनदाच तो चेहरा त्यांनी पाहिला होता. “सरू, काहीतरी चुकलं आसंल,” त्या हळूच म्हणाल्या.

“ओव्हाळ?” महारुद्र डोकं खाजवत म्हणाला. “आपल्या शेजारच्या वाशीचे का?”

“राजपाल ओव्हाळ वाशीचाच,” गुरुजी म्हणाले. “माझा विद्यार्थी. निबंध चांगला लिहायचा, स्पेलिंग कच्चं. थोरला पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, म्हणे यंदाच नोकरीला लागला.”

“घर कसं हाय?” एसटी सोडलेल्यांपैकी एकानं विचारलं.

“घर चांगलं आहे.”

तोवर सरुबाईंनी फोन लावला होता. हमिदाबींच्या मांडीवरचा तो फोन सकाळपासून मोठ्या आवाजावर होता, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

“दीक्षा, उत्कर्ष कोण?”

पलीकडून एकदम बारीक आवाज आला. “आज्जी… तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पायजे? उत्कर्ष राजपाल ओव्हाळ. वाशीचा. कोण हाय?”

“बाबांना कळलंय का? आज्जी, मी दिवाळीतच सांगणार होते गं. म्हणजे तसं अजून काही ठरलेलं नाही, पण तो खरंच चांगला आहे, आणि त्याच्या घरी…”

हमिदाबींचा हात कात्रीसारखा चालला. आवाज बंद झाला, फोन सरुबाईंच्या कानाला लागला. वीस माणसं एकदम आभाळाकडे, एसटीच्या फलकाकडे आणि आपापल्या चपलांकडे बघू लागली. चहावाल्यानं तेवढ्यात सगळ्यांना चहा दिला. कुणी मागितला नव्हता.

सरुबाईंनी फोन कानाला घट्ट धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते मागनं बघू. मी कागदाचं इचारायले. तुझ्या कागदात पान अकराला त्याचं नाव का हाय? खेळाचा मालक म्हणून?”

पुढचं हमिदाबींना जवळ बसल्यामुळं ऐकू आलं. आधी एक किंकाळी. मग भराभर बोलणं. उत्कर्ष मागच्या वर्षीचा विद्यार्थी. करारनाम्याची चौदा पानं दीक्षानं त्याच्याच प्रोजेक्टातून उचलली होती, सगळे उचलतात तशी. पहिल्या पानावर नाव बदललं होतं. अकराव्या पानावर बदलायचं राहून गेलं. तिनं स्वतः ती पानं वाचलीच नव्हती. आणि मागच्याच वर्षी एका पोराच्या प्रोजेक्टात दुसऱ्याचं नाव सापडलं, तर परीक्षकांनी चोरीचा म्हणून तो बाद केला होता.

“आज्जी,” दीक्षा रडत होती, “अकरा जणांनी खूण केली. एकानंही वाचलं नाही.”

“रडू नको. नाव बदल.”

“बदलते. दहा मिनिटांत नवीन पाठवते. मग तू फक्त खूण…”

“नवा कागद मी पुन्ना वाचणार.”

“आज्जी! अडीच वाजलेत!”

“मग थोडं लिही की. आन मराठीत लिही. आजीसाठी खेळ केलास आन कागद साहेबासाठी लिहिलास व्हय?”

पाऊण तासानं नवा खेळ आला. तोवर गुरुजींचा घसा बसला होता, पण त्यांची गरज पडली नाही. चौदा पानांच्या जागी अकरा ओळी होत्या. सरुबाईंनी ओळीखालून बोट फिरवत त्या दुकानात मोठ्यानं वाचल्या. ‘हा खेळ दीक्षा धम्मपाल हिने बनवला आहे. खेळाचे नियम तिला तिची आजी सरुबाई आणि शेजारच्या हमिदाबी यांनी शिकवले. खेळात काही बिघडले तर मी जबाबदार आहे, मला फोन करा. विमान चालवताना खेळू नका.’ अशा अकरा.

“माझंबी नाव हाय?” हमिदाबींनी विचारलं.

“हाय. मान्य हाय का तुला?”

“मान्य हाय की.”

सरुबाईंनी चौकोनात खूण केली. शिक्का मारावा तशी, सावकाश.

बाकीचं बसवणं परत पहिल्यापासून करायचं होतं. पण आता हमिदाबींची वही होती. पाटी पिवळी, बटण उजवं. पाटी निळी, बारीक अक्षर, मग ‘तरीही’. हमिदाबी वाचत गेल्या, सरुबाई दाबत गेल्या. सकाळी अडीच तास लागलेलं काम बारा मिनिटांत झालं. सादनं मांड्यांखालचे हात कधीच बाहेर काढले होते. ते त्यानं डोक्यावर ठेवले होते.

पडदा उजळला. ओटा दिसला. करड्या फरशीवर कोळशाच्या रेघा, पंचवीस घरं, कडेच्या चार घरांत आणि मधे फुल्या. सरुबाईंनी दाबलं आणि चिंचोके पडले. त्यांचा आवाज ऐकून हमिदाबींनी मान वर केली. तो आवाज पडद्यातला नव्हता, सरूच्या ओट्यावरचा होता. गेल्या दिवाळीत दीक्षा फोन हातात धरून त्यांच्यामध्ये का बसली होती, ते त्यांना आता कळलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी कंटाळली म्हणून फोन चाळतीय.

चारी चिंचोके पांढरे पडले होते.

“चल्लस!” महारुद्र ओरडला.

समोरच्या बाजूनं हमिदाबी खेळल्या, आणि डाव त्यांनीच जिंकला. सरुबाईंनी अनुभवाच्या रकान्यात सहा ओळी सांगितल्या, डाव संपून बंदी उठली म्हणून सादनं त्या लिहिल्या, आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी सगळं पुण्याला पोचलं.

मग सरुबाई खुर्चीतून उतरल्या. “चल महारुद्रा, तुझा विमा.”

साद खुर्चीत बसला, भराभरा भरत गेला, शेवटी चौकोन आला आणि त्याचं बोट खूण करायला निघालं.

“थांब,” महारुद्र म्हणाला. “आधी वाचून दाखव.”

साद खुर्चीसकट त्याच्याकडे वळला. “दहा वर्षं माझ्याकडं फॉर्म भरतुस. कधी म्हणालास?”

“तवा म्हायती नव्हतं. कुणाचं नाव निघंल सांगता येतंय का?”

त्या दिवसापासून ‘साद ऑनलाईन’मध्ये खूण करायच्या आधी वाचून दाखवायची प्रथा पडली. गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्म्यानं होऊ लागलं आणि बाकावर गर्दी दुप्पट. गुरुजींना लिंबाखाली कायमची खुर्ची मिळाली. त्यांचा अंगठाही एके दिवशी यंत्राला सापडला. “अम्मी, सरुमावशीनं माझा धंदा बसवला,” साद रोज म्हणायचा, आणि सरुबाई आल्या की उठून त्यांना स्टूल द्यायचा.

दीक्षा वर्गात पहिली आली नाही, तिसरी आली. पण सरांनी अहवाल बघताना विचारलं म्हणे, की अकरा जणांना करारनाम्याला तीन सेकंद लागले आणि बाराव्या माणसाला तीन तास, हे यंत्र बिघडलं होतं का? दीक्षानं सांगितलं, “नाही सर. यंत्र बरोबर होतं.”

डिसेंबरात दीक्षा सुट्टीला आली. तिच्याबरोबर चष्मेवाला, उंच, हातात पेढ्यांचा पुडा सांभाळत उत्कर्ष आला. “जय भीम आज्जी,” म्हणून वाकला. हमिदाबी मुद्दाम वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं आल्या होत्या आणि बसल्या होत्या. ओट्यावर पट आखलेला होता, चिंचोके मांडलेले होते.

“चल्लस येतंय का?” सरुबाईंनी विचारलं.

“थोडं येतं. दीक्षानं शिकवलंय.”

“मग आधी ह्यावर सही कर.”

सरुबाईंनी वहीचं एक पान पुढं केलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, त्यांच्या अंगणवाडीच्या गोल अक्षरात. दीक्षा कपाळाला हात लावून आत निघून गेली. त्या पानावर काय लिहिलंय ते हमिदाबींना ठाऊक होतं. आदल्या दुपारी दोघींनी बसून तयार केलं होतं. हरणाऱ्यानं कपबशा विसळायच्या, चिंचोके फुंकून टाकायचे नाहीत, पोरीचं पुढचं शिक्षण थांबवायचं नाही, ‘खेळात काही बिघडले तर’ हे कलम, असं बरंच. पेनही शेजारी ठेवलं होतं, टोपण काढून.

पोरानं पेन उचललं नाही. पान जवळ ओढलं, चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक बाजू झाली. त्यानं पान उलटलं. मग परत पहिल्या बाजूला आला, कशावर तरी थांबला. “आज्जी, हे पाचवं कलम जरा सांगता का?”

त्याच्या पुढ्यातला चहा केव्हाच गार झाला होता, साय धरली होती. सरुबाईंनी तो कप उचलून हमिदाबींच्या हातात दिला, आणि इतक्या वर्षांत हमिदाबींनी क्वचित ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाल्या,

“दुसरा टाक गं. पोरगं वाचायलंय.”